बर्फात ठेवलेली काळी भुकटी

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मला हात लावू नका आणि वाकून हुंगूही नका. मी एक काळी भुकटी आहे. तळोज्याच्या एका कारखान्यात, निळ्या पिंपात, माझ्यासारख्याच इतर चुऱ्याबरोबर पडून आहे. पिंपावर धोक्याची कवटी रंगवलेली आहे. ती पाहून तुम्हाला गंमत वाटेल. करावे गावच्या गणू कोळ्याला मात्र ती पाहून गंमत वाटणार नाही. त्याचं कारण मी पुढे सांगणार आहे.

माझं खरं नाव लांबलचक आहे. लिथियम, निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट या चार धातूंचं मिश्र ऑक्साइड. बॅटरीच्या पोटातली धन बाजू म्हणजे मी. गाडी पळाली की तुम्ही गाडीचं कौतुक करता, फार तर बॅटरीचं करता. आत कोण राबतं हे तुम्ही विचारत नाही. विचारलं नाही म्हणून मी मुसमुसत बसणार नाही, माझा तो स्वभाव नाही. पण जे जसं घडलं तसं सांगणार आहे, मग ते कोणाला का झोंबेना.

माझा जन्म याच तळोज्यात झाला. धातूंचे क्षार पाण्यात विरघळवून मोठ्या टाकीत ढवळले आणि त्यांचा साका खाली बसू दिला. तो गाळून वाळवला, त्यात लिथियम मिसळलं आणि मला चिनीमातीच्या पसरट भांड्यांत भरून भट्टीत ढकललं. त्या भट्टीत सतत ऑक्सिजन सोडलेला होता. तो मी माझ्या अंगात घट्ट बांधून घेतला. पुढे जो घात झाला तो या ऑक्सिजनमुळे झाला, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. भट्टीतून निघाले तेव्हा मी काळीभोर आणि मऊसूत होते. प्रयोगशाळेतल्या निशिगंधा मॅडमनी चमचाभर भुकटी तपासली आणि म्हणाल्या, "एकदम फाइन बॅच आहे ही." माझी जन्मभरात झालेली ती पहिली स्तुती, आणि ती खरी होती.

माझी रचना तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते. माझ्या आत वहीच्या पानांसारखे थर असतात. त्या पानांच्या मधे लिथियम राहतं. तुम्ही बॅटरी चार्जिंगला लावता तेव्हा त्या लिथियमला माझ्या घरातून हाकलून शेजारच्या ग्रॅफाइटकडे पाठवता. बॅटरी वापरता तेव्हा ते परत येतं. तुम्हाला शंभर टक्के दिसतं, तुम्ही खूश होता आणि म्हणता, फुल झाली. त्याच वेळी माझं घर जवळजवळ ओस पडलेलं असतं. भिंती डळमळत असतात. त्या अवस्थेत मला कोणी तापवलं, तर मी अंगातला ऑक्सिजन सोडून देते. मग माझ्याजवळ जे असेल ते जळतं. हा माझा दुष्टपणा नाही, माझी जात तशी आहे.

तर मला चिकट द्रावणात कालवून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर फासलं, गुंडाळी केली आणि बोटाएवढ्या लोखंडी नळ्यांत बंद केलं. आधी मी एका स्कूटरमध्ये होते. खारघरच्या चढावरून लोकांची जेवणं पोचवत फिरले. स्कूटर एका डंपरखाली चेपली आणि तिचं भंगार झालं. मी मात्र धडधाकट होते. नेरूळला सौरभ नावाच्या माणसाचं बॅटरीचं दुकान आहे. त्याने आमच्या नळ्या सोडवून, पारखून पुन्हा एकत्र जोडल्या आणि झाकणाला रबर लावून एका पेटीत बसवल्या. तिथे मला घ्यायला निकेश आला.

निकेश हा गणूचा मुलगा. सीबीडी बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करतो. शर्ट इस्त्रीचा, बोलणं घाईचं, डोळे मोबाइलवर. गणूचा उजवा खांदा कामातून गेला होता. वल्हं मारवत नव्हतं आणि डिझेल इंजिनाची दोरी ओढवत नव्हती. म्हणून होडीच्या मागे लावायची छोटी विजेची मोटर आणि तिच्यासाठी मी, असा बेत होता. सौरभने माझ्या पेटीवर हात ठेवून त्याला बजावलं.

"हे बघ निकेश, हिला पाणी नको. खारं पाणी तर अजिबात नको. तापली किंवा फुगली तर घरात ठेवायची नाय, उघड्यावर लांब ठेवायची आणि मला फोन करायचा. घरी सगळ्यांना सांगून ठेव."

"हो रे, सांगतो. टेन्शन नको घेऊ," निकेश म्हणाला. एका हाताने तो मोबाइलवर काहीतरी लिहीत होता.

आता गणूला मोटर का हवी होती ते ऐका. करावेच्या खाडीत प्रत्येक घराची जाळं लावायची जागा ठरलेली आहे. तिथे त्या घराचे खुंट रोवलेले असतात. नारळी पौर्णिमेनंतर मोसम सुरू होतो. त्या मोसमात ज्याचे खुंट जाळ्याविना मोकळे राहिले, त्याच्या जागेवर दुसऱ्याने खुंट रोवले तर गाव त्याला काही बोलत नाही. गणूची जागा त्याच्या आजोबांपासूनची, दोन प्रवाह एकत्र येतात तिथली. जिताडा आणि कोळंबी तिथे हमखास लागते. त्या जागेवर गणूचा चुलत भाऊ गोटीराम डोळा ठेवून होता. गोटीराम येता-जाता ओट्यावर बसायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "दादा, तुजा खांदा आता काय चालत नाय. कशाला जिवाला तरास? तुजी जागा मी सांबालतंय." गणू त्याला चहा द्यायचा आणि उत्तर द्यायचा नाही. जागा गेली की आपण नुसते घराच्या भाड्यावर जगणारे म्हातारे होणार, ही भीती त्याला होती. माझ्यावर त्याचं सगळं अवलंबून होतं.

निकेशने मला घरी आणलं तेव्हा गणूने मला चहूबाजूंनी निरखलं. "हिला कसा वापराचा रं? काय पथ्यपानी हाय का हिचा?" त्याने विचारलं.

त्याने अगदी नेमकं विचारलं होतं, मित्रांनो. पथ्यपाणीच विचारलं होतं.

"बाबा, तू फक्त हे बटन दाब. खारीतून आलास का चार्जिंगला लाव. बस," निकेश म्हणाला. "बाकीचा तुला नाय समजनार."

एवढं सांगून तो आत आंघोळीला गेला. मी पेटीत गप्प होते, पण तेव्हाच मला त्या मुलाचा राग आला. जे त्याला समजलं होतं ते म्हाताऱ्याला समजणार नाही, असं त्याने कशावरून ठरवलं?

पुढचे दोन मोसम माझे चैनीचे गेले. गणू पहाटेची भरती साधून मला खांद्यावरून न्यायचा, डाव्या खांद्यावरून, तान्ह्या मुलाला न्यावं तसा. होडीत मला कोरड्या फळीवर ठेवायचा आणि माझ्यावर मेणकापड घालायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या अकलेने तो ते करायचा. बटण दाबलं की मोटर बिनआवाज फिरायची. "चल बाय," तो मला म्हणायचा. त्या लोकांत मुलीला प्रेमाने बाय म्हणतात. मला त्याचा लळा लागला होता, असं मी कोणापुढे कबूल करणार नाही. पण ओहोटीच्या ओढीविरुद्ध त्याला गावात परत आणताना मी कधी हात राखला नाही, हे खरं आहे.

नारळी पौर्णिमेला त्याच्या बायकोने, जमुनाने, होडीबरोबर मलाही हळदकुंकू लावलं. जमुना मासे विकते. तिची जीभ तिखट आहे आणि हात सतत कामात असतात. "हिनंच आमची जागा राकली," ती शेजारणींना सांगायची. निकेशही ओट्यावर बसून मित्रांना सांगायचा की बाबाला मी बॅटरी आणून दिली. त्या दोन वर्षांत तो स्वतः मात्र एकदाही खाडीत उतरला नाही.

तिसऱ्या मोसमाच्या तोंडावर माझी ताकद कमी व्हायला लागली. खारा वारा रबराला खात होता. रोज फुल, रोज रिकामी, रोज ऊन. गणू सांगायचा, "निकेश, हिला दम लागतो रं. त्या दुकानवाल्याला दाकवून आन." निकेश म्हणायचा, "रविवारी बगतो." ते रविवार येत गेले आणि जात गेले. नारळी पौर्णिमा झाली. गणू खुंट तपासायला खाडीत गेला आणि परतताना ओहोटीने त्याला गाठलं. चिखलात अडकू नये म्हणून त्याने मला शेवटच्या दमापर्यंत पळवलं. घरी आल्यावर त्याने मला चार्जिंगला लावलं आणि तो जाळं सांधायला समुद्रदेवाच्या देवळाच्या पारावर गेला.

दुपारी जमुना बाजारातून आली. ओट्यावरून जाताना तिचा पाय पेटीला लागला आणि तिने चटकन मागे घेतला. मी तापले होते. आतल्या काही नळ्या फुगून पेटीचं झाकण एका कोपऱ्यात उचललं गेलं होतं. तिने आधी वायर काढली. ते तिने योग्यच केलं. मग तिने निकेशला ऑफिसात फोन लावला.

"अरे निकेश, तुजी ती बॅटरी लय तापलीय. पोटपन फुगलाय तिचा. काय करू?"

तिकडून आवाज आला, "आई, मी मीटिंगमध्ये आहे. तापते ती. थंड होऊ दे तिला, मग बगू." आणि फोन बंद झाला.

आता जमुनाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिचा सगळा जन्म एकच गोष्ट करण्यात गेला होता. जे उन्हाने नासतं ते ती बर्फात घालायची. जिताडा, कोळंबी, बोय, सगळं बर्फात, आणि गारवा वाढावा म्हणून वर खडे मीठ. त्या घरात ताप आला तरी कपाळावर बर्फ आणि मुरगळलं तरी बर्फ. तिने थर्माकोलची मोठी पेटी ओढली. त्यातली उरलेली कोळंबी तिने एका बाजूला सारली. मला दोन्ही हातांनी उचलून ती आत ठेवत होती आणि स्वतःशीच बोलत होती. "माशाला ऊन सोसत नाय, तं हिला कसा सोसल? रातभर ऱ्हा निवांत. सकाली तुला खारीत जायचा हाय." मग तिने माझ्याभोवती बर्फाचा चुरा दाबून बसवला, त्यावर मूठमूठ मीठ टाकलं आणि झाकण लावलं.

इतक्या मायेने मला आजवर कोणी हाताळलं नव्हतं. मी पुरती चार्ज झालेली होते, म्हणजे माझं घर ओस होतं. बर्फ हळूहळू वितळला, मिठाचं पाणी झालं आणि उचकटलेल्या झाकणाच्या कोपऱ्यातून आत झिरपायला लागलं. मी ओरडू शकत नव्हते. मला तोंड नाही आणि तिथे मला समजून घेणारं कोणी नव्हतं.

सकाळी भरतीच्या वेळी गणू उठला. जमुनाने त्याला कौतुकाने सांगितलं की बॅटरी तापली होती, मी थंड करून ठेवली आहे. "झ्याक केलास," तो म्हणाला. त्याने मला बाहेर काढलं, स्वतःच्या टॉवेलने पुसलं आणि ओट्यावर जाळ्यांच्या ढिगाशेजारी ठेवून तो चहा प्यायला बसला. तोवर खाऱ्या पाण्याने आपलं काम करून टाकलं होतं. विजेने जिथून जाऊ नये तिथून ती जायला लागली होती. आधी एक बारीक फुसफुस झाली. मग पांढरा धूर आला. मग एक नळी फुटली, तिने शेजारची फोडली, आणि मी पेटले.

"जमुना, मागल्या दारानं भाईर हो!" गणू ओरडला. त्याने कोपऱ्यातलं भिजलेलं गोणपाट माझ्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. चुलीतून उडालेली ठिणगी, सांडलेलं रॉकेल, असल्या आगी त्याने जन्मभर अशाच विझवल्या होत्या. हवा कोंडली की आग मरते. पण मला बाहेरची हवा लागत नाही. भट्टीत अंगात बांधून घेतलेला ऑक्सिजन मी आता सोडत होते. तो गोणपाट दाबत होता आणि मी त्याच्या तळहाताखाली जळत होते. थांबणं माझ्या हाती असतं तर मी थांबले असते. निदान त्याच्यापुरती तरी थांबले असते.

नायलॉनची जाळी वितळायला लागली तेव्हा गणूने ते केलं ज्याचा मला अजून राग येतो. तो पळाला नाही. त्याने जळती पेटी गोणपाटासकट उचलली, छातीशी धरली आणि अंगणात नेऊन वाळूत टाकली. कडा वितळल्या, पण जाळी वाचली. जागेवर लावायची तीच जाळी होती.

त्याचे दोन्ही हात भाजले. दवाखान्यात बरेच आठवडे गेले. कातडी बसली, पण बोटं आत वळली ती सरळ झाली नाहीत. त्या हातांनी गाठ मारता येत नाही, दोरी धरता येत नाही, भाताचा घास उचलता येत नाही. तो घरी आला त्याच आठवड्यात गोटीराम मोसंबी घेऊन भेटायला आला. त्याने मोसंबी सोलून गणूच्या तोंडात एक एक फोड घातली आणि म्हणाला, "दादा, जागा रिकामी ठेवता येत नाय ना. मी माजे खुंट रोवलेत." गणूने तोंडातली फोड गिळली आणि मान हलवली. जमुनाने आत भांडं आपटलं. गाव काही बोललं नाही.

मी तोवर अंगणात वाळूच्या बादलीत पडून होते. माझ्या काही नळ्या जळायच्या राहिल्या होत्या. एके संध्याकाळी सौरभ आला. निकेशने फोन करून त्याला चार शब्द सुनावले होते, खराब माल दिलास म्हणून. सौरभने हातमोजे घालून बादलीतून पेटीचा सांगाडा काढला. आतल्या कोपऱ्यात पांढरे खडे चिकटलेले होते.

"हे मीठ कुठून आलं?" त्याने विचारलं.

"मी ठेवली व्हती बर्फात," जमुना सरळ म्हणाली. "तापली व्हती म्हनून. का? काय झाला?"

सौरभ सांगाडा खाली ठेवून उठला. मग निकेशकडे वळला. "मी तुला बोललो होतो ना? पाणी नको, खारं पाणी अजिबात नको. घरी सगळ्यांना सांगून ठेव म्हणालो होतो."

निकेशने मोबाइल खिशात घातला. आईकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे नव्हे, चेहऱ्याकडे.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "बाबांना सांगितलं होतं."

मित्रांनो, मी त्या बादलीशेजारी अर्धी जळून पडले होते आणि मला वाटलं, आता हा म्हातारा तोंड उघडेल. एक वाक्य पुरे होतं. पोरगा खोटं बोलतोय, एवढंच. जमुना मान वळवून नवऱ्याकडे पाहत होती. 

"हां," गणू म्हणाला. "बोलला व्हता. मीच इसारलो."

"इसारला?" जमुनाचा आवाज चढला. "तुमाला म्हाईत व्हता? मग मना का नाय सांगतला? माज्या हातानं माज्या घराला आग लावली मी! एक शबूद तोंडातून काडता येत नव्हता तुमाला?" ती रडत होती आणि त्याला वाट्टेल ते बोलत होती. गणू खाली मान घालून ऐकत होता. निकेश "आई, जाऊ दे आता" म्हणाला आणि सौरभला दारापर्यंत सोडायला गेला.

मला न्यायला तळोज्याच्या कारखान्याची गाडी यायची होती, म्हणून मी आणखी काही दिवस त्या अंगणात होते. रोज दोन वेळा मी तेच ऐकलं. जमुना ताट घेऊन ओट्यावर बसायची, भात कालवायची, घास त्याच्या तोंडापाशी न्यायची आणि म्हणायची, "सांगाया काय झाला व्हता तुमाला?" तो तोंड उघडायचा, घास घ्यायचा आणि चावत राहायचा. पुढचा घास, पुन्हा तेच वाक्य. पलीकडे खुर्चीवर बसून निकेश स्वतःच्या हाताने जेवायचा. एकदाही त्याच्या घशात घास अडकला नाही. त्या घरात खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, एक बोलत नव्हता आणि दुसरा बोलणार नव्हता. तिसरी मी होते.

मग मला इथे आणलं. यंत्रात भरडलं, चाळलं आणि या पिंपात भरलं. आता मला आम्लात विरघळवतील, माझे धातू वेगळे करतील आणि पुन्हा भट्टीत घालतील. मी नवी होईन. कोणी निशिगंधा मॅडम पुन्हा मला चमचाभर घेऊन तपासतील आणि पुन्हा फाइन म्हणतील. गणूच्या बोटांसाठी असा कारखाना कुठे नाही. मी मुद्दाम चौकशी केली असती, तरी मला हेच उत्तर मिळालं असतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या आता तुमच्या घराघरांत आहेत. तुमच्या खिशात आहेत, स्कूटरच्या सीटखाली आहेत. आम्हाला हळदकुंकू लावू नका, आमचं कौतुकही करू नका. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती आम्हाला देताना नुसतं बटण दाखवून आंघोळीला जाऊ नका. बसा आणि कशाचं भय आहे ते सांगा. त्यांना समजलं नाही तर पुन्हा सांगा. आणि सांगायचं राहूनच गेलं, तर नंतर त्यांच्या तोंडावर "मी सांगितलं होतं" असं तरी म्हणू नका.